पायांना कुठलं नाम

माझं तोंड हलतं. ओठ आतबाहेर होतात, जबडा रिकामंच काहीतरी चावत बसतो, आणि मधेच जीभ बाहेर डोकावून परत आत जाते. मी सांगत नाही तिला. सांगून ऐकणाऱ्यातली ती नाहीच, आमच्या घराण्यातलीच आहे शेवटी. झोपेत सगळं थांबतं म्हणे. पण झोपेत स्वतःचं तोंड बघायला मी काही जागी नसते, तेव्हा तेवढ्यापुरता अलकावहिनींच्या शब्दावर विश्वास ठेवायचा.

या हलण्याला आमच्या दादानं एक नाव देऊन टाकलं, नामस्मरण. त्या नावापायी काय काय झालं ते सांगायचं आहे. तोंडानं सांगायला गेले तर निम्मं कळणार नाही, म्हणून लिहिते. हात अजून शहाणे आहेत.

मी वासंती. आम्ही मूळचे साताऱ्याचे. कॉलेजात मी बरी गायची, गॅदरिंगला माझं नाव पहिलं असायचं. आणि त्याच वयात मला खोलीत नसलेली माणसं ऐकू यायला लागली. ती काय बोलायची ते नाही सांगत. ऐकलं तेवढं पुरे झालं. आई गेल्यावर दादा मला दिल्लीला घेऊन आला. दादा म्हणजे बाळ, माझा थोरला भाऊ, केंद्र सरकारच्या नोकरीत. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये तो, अलकावहिनी, पुढे त्यांची रसिका, आणि मी. इस्पितळातल्या गोळ्या सुरू झाल्या आणि ती माणसं हळूहळू गप्प झाली. गोळ्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांच्यामुळे मी जगले.

पण गोळ्या लागू पडायच्या आधी व्हायचं ते होऊन गेलं होतं. एका दुपारी शेजारच्या भटनागरांचे वाळत घातलेले कपडे मी गॅलरीतून एकेक करून खाली फेकले, कारण त्यांतून कुणीतरी मला हाका मारत होतं. दादा ऑफिसातून आला. खाली जाऊन सगळे कपडे गोळा केले, धुतले, इस्त्री केली आणि स्वतः परत देऊन आला. त्या दिवसापासून अख्ख्या ब्लॉकमध्ये मी 'बाळसाब की पागल बहन'. मुलं मला बघून पळायची, आणि धीट होती ती खडे मारायची.

त्यामुळे रिटायर व्हायच्या सुमाराला दादानं दिल्लीच्याच एका टोकाला, द्वारकेत, फ्लॅट घेतला तेव्हा सगळ्यात जास्त सुटल्यासारखं त्यालाच वाटलं. तेव्हाची द्वारका म्हणजे धूळ, टँकरचं पाणी, अर्धेमुर्धे भरलेले टॉवर आणि मेट्रोचे नुसते खांब. ज्याला विचारावं तो कुठून तरी नव्यानं आलेला. कुणी कुणाला ओळखत नाही हीच तिथली मोठी सोय. सामान उतरवतानाच दादानं मला बाजूला घेतलं.

"वासू, इथं कुणाला काही सांगायचं नाही. झालं गेलं ते तिकडं राहिलं."

"मी कशाला सांगतेय? मला काय हौस आहे?"

तोंड हलायला लागलं ते त्यानंतर. आधी वहिनींना वाटलं, मी चोरून सुपारी खाते. एकदा तर त्यांनी मला आ करायला लावलं, लहान मुलाला लावतात तसं. आत काही सापडेना.

"मग रवंथ कसलं चाललंय, वन्सं?"

"काही नाही हो."

"काही नाही कसं? म्हशीसारखं चाललंय की!"

वहिनी मनानं वाईट नाहीत, पण त्यांच्या जिभेला हाड नाही.

मग एके दिवशी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या मिसेस चड्ढा भेटल्या. माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिल्या. दादाचा चेहरा उतरला. आणि त्या बाईंनी काय करावं, तर हात जोडले. "बहनजी जाप करती हैं ना?"

दादानं जरा श्वास घेतला. "जी. चौबीसों घंटे."

अगदी सहज आलं ते त्याच्या तोंडून. घरी आल्यावर आम्ही तिघं पोट धरून हसलो, मीसुद्धा. संध्याकाळी वहिनींनी माझ्या हातात तुळशीची माळ आणून दिली. "राहू दे हातात. शोभतं."

बघता बघता मी सोसायटीची माताजी झाले. खालच्या बागेतला सावलीतला बाक माझा झाला. "माताजी, पिंकी का रिज़ल्ट है, ज़रा ध्यान रखना." मी मान डोलवायची. पिंकी पास झाली की पेढे यायचे, आणि नापास झाली की तिनं अभ्यासच केला नाही असं ठरायचं. माझं कुठूनच नुकसान नाही. आणि खोटं कशाला बोलू, मला आवडायचं. जिला खडे मारले तिच्या कुणी पाया पडत असेल तर तिनं काय नको म्हणायचं?

गंमत अशी झाली की हळूहळू दादाच ते खरं मानायला लागला. मी येऊन बसले की टीव्हीचा आवाज कमी करायचा. "वासूचं चालू आहे." मी ओरडायची, "अरे, माझं काही चालू नाही! बातम्या लाव!" तो नुसता हसायचा. बहीण वेडी असण्यापेक्षा भक्त असणं त्याला बरं वाटत होतं. इतकी वर्षं माझं केलं, तेवढं त्याला बरं वाटलं तर वाटो, असं मलाही वाटायचं.

त्या जानेवारीत इस्पितळात नवीन डॉक्टर आली. तेजश्री नावाची, परभणीची मुलगी. दिल्लीत मराठी डॉक्टर भेटली म्हणून दादा हरखून गेला. आधीचे डॉक्टर माझ्याकडे न बघताच 'तीच गोळी चालू ठेवा' म्हणायचे. हिनं मला बिनहातांच्या खुर्चीवर समोर बसवलं.

"मावशी, या गोळ्या खूप वर्षं घेतल्या की कधीकधी अंग आपोआप हलायला लागतं. ते आपण मोजून ठेवतो. ओठ, जीभ, जबडा, हात, पाय, प्रत्येकाला शून्य ते चार. शून्य म्हणजे काहीच नाही. लवकर कळलं तर गोळी बदलता येते. उशीर झाला तर मग ते जात नाही."

म्हणजे हा आजार नव्हता, माझा वेडेपणा नव्हता, गोळीचं होतं! इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिनं पहिला प्रश्न विचारला. "तोंडात काही आहे का? सुपारी, गोळी, च्युइंगम?"

"नाम आहे, डॉक्टर," दादा म्हणाला.

तेजश्रीचा चेहरा एकदम मऊ झाला. "हो का? माझी आजीपण अशीच. भाजी निवडताना, पोळ्या करताना, ओठ आपले सारखे चालू."

"अगदी तसंच," दादा म्हणाला.

"अहो, मी जप करत नाही," मी म्हटलं.

"असंच म्हणते ती," दादा हसला. डॉक्टरही हसली. "खरी माणसं कधी सांगतात का, मावशी?"

डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. त्या मुलीला तशी आजी नसती तर तिनं आणखी दोन प्रश्न तरी विचारले असते. आम्ही एकाच मुलखातल्या निघालो आणि तिथंच घात झाला.

मग तिनं माझ्या पायांकडे बघितलं. "खरं तर यात चपला-मोजे काढून बघायचं असतं." बाहेर ही रांग, थंडी कडाक्याची, माझ्या पायात सरोजिनी नगरातून आणलेले जाड लोकरी मोजे. "राहू दे, मावशी. तुम्हाला कशाला वाकायला लावू?" असं म्हणून ती स्वतःच वाकली आणि त्या मोज्यांवरूनच माझ्या पाया पडली. आत माझी बोटं वळवळत होती. ओठांना तिनं शून्य दिलं, पायांनाही शून्य.

परतीच्या ऑटोत दादा खूश होता. "बघितलंस? संस्कार म्हणतात ते हे." त्यानंतर तो एकटाच जाऊन गोळ्या आणायला लागला. तिला कशाला उगीच त्रास, म्हणायचा.

उन्हाळ्यात रसिकाचं लग्न ठरलं. रसिका दिल्लीत वाढलेली, गुडगावच्या कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. तिथलाच पुण्याचा मुलगा, विक्रांत. लग्न डिसेंबरात. ठरलं त्याच संध्याकाळी ती माझ्या पलंगावर येऊन लोळली.

"आत्या यार, मंगलाष्टक तू म्हणायचंस. तू बनवलेलं. बिल्कुल सीरियसली सांगतेय."

आमच्याकडे घरातल्या बायकांनी स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हणायची जुनी हौस आहे. दादाच्या लग्नात मी म्हटलं होतं, आजारी पडायच्या आधी. साताऱ्याकडचं कुणी भेटलं की अजून त्याची आठवण काढतं. त्यानंतर माझी आठवण कुणी चांगल्या कारणानं काढली नाही. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! दुपारभर बसून लघु-गुरू मोजत चार ओळी रचल्या. दोन ओळींत विक्रांत आणि त्याच्या घरचे, ते आले-गेले. माझ्या जिवाच्या दोन ओळी या:

झाली थोर रसी अता, न उरली ती बाहुली आमची
गेली दूर जरी, मनात वसु दे आत्या तिची बोलकी

लिहून झालं आणि म्हणायला गेले. 'झाली थोर' ठीक. 'न उरली'ला जीभ बाहेर आली. परत म्हटलं, परत आली. चार दिवस म्हटलं, आठ दिवस म्हटलं. ओळ सरळ जाईना. पावसाळ्यापर्यंत घास तोंडातून सांडायला लागला, जीभ दाताखाली येऊन रक्त यायला लागलं. मी घाबरले, अगदी खरं सांगते. डिसेंबरात सगळ्या पाहुण्यांसमोर माईक धरून मी उभी आहे आणि नुसती जीभ काढते आहे, एवढंच डोळ्यांपुढे यायचं.

"दादा, मला त्या डॉक्टरकडे ने."

"लग्न होऊ दे गं. मग नेतो."

"तोवर उशीर होईल. ती म्हणाली होती."

"आणि औषधात हात घातला आणि तुला परत ते सुरू झालं तर? विक्रांतच्या घरचे सगळे येणार, वासू. मांडवात तू काही..." त्याला भटनागरांचे कपडे दिसत होते, हे मला कळलं.

मग रसिका एका रविवारी माझी प्रॅक्टिस घ्यायला बसली. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"आत्या, जप म्हणजे एक्झॅक्टली काय करतात? तू कुठला मंत्र म्हणतेस?"

"कुठलाच नाही."

"मग?"

"मग काय? तोंड हलतं."

"अपने आप?"

"अपने आप."

जप म्हणजे काय हे त्या पोरीला धड माहीत नव्हतं, म्हणून तिला माझं म्हणणं ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसात रजा टाकली आणि आईबापांना पत्ता न लागू देता मला इस्पितळात नेलं.

बाकावर बसलो होतो. तेजश्री समोरून गेली, चार पावलं जाऊन थांबली, आणि लांबूनच माझ्याकडे बघत उभी राहिली. मला तिनं लगेच आत घेतलं. मग म्हणाली, "मावशी, एक मिनिट जप थांबवा बरं."

मी थांबवायला गेले. दात आवळले, ओठ मिटले. थोडा वेळ राहिलं. मग ती म्हणाली, "आता अंगठ्याला एकेक बोट लावा, भराभर." लक्ष बोटांकडे गेलं आणि तोंड सुटलं ते सुटलंच. जीभ ही एवढी बाहेर.

"चपला काढा."

ऑगस्टचे दिवस, मोजे कुठले? मी चपला काढल्या. फरशीवर माझ्या पायांची बोटं उघड्यावर वळवळत होती, वर उठत होती, खाली जात होती. ती त्या बोटांकडे बघत राहिली.

"पायांना कुठलं नाम, डॉक्टर?" मी म्हटलं.

ती हसली नाही. मान खाली घालून लिहीत राहिली. ओठ तीन, जीभ तीन, जबडा तीन, पाय दोन. ते आकडे ऐकून मला बरं वाटलं, हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण माझ्याबद्दल कुणीतरी खरं लिहीत होतं. मला रडू आलं.

"जानेवारीत मी मोजे काढायला लावायला हवे होते," ती म्हणाली.

"हो. हवे होते."

मी तिला समजूतदारपणा वगैरे दाखवला नाही. कशाला दाखवू? तोंड माझं गेलं होतं.

मग तिनं सगळं नीट सांगितलं. गोळी बदलायची, जुनी हळूहळू उतरवत आणायची. आधी हालचाल उलट वाढेल. मग कमी होईल, किंवा होणारही नाही. आणि जुना आजार डोकं वर काढू शकतो, तेव्हा घरी सतत कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. पण थांबलात तर हे वाढतच जाईल. रसिका माझ्याकडे बघत होती.

"तुम्ही ठरवा, मावशी," तेजश्री म्हणाली.

आजवर मला कुणी विचारलं नव्हतं, कुठं राहायचं, काय खायचं, काय गिळायचं. "बदला," मी म्हटलं.

घरी रणकंदन झालं. दादाला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "हिला काही झालं तर निस्तरणार कोण? तू? तू तर निघालीस सासरी!" रसिकाही बापाची लेक, तीही ओरडली. "पापा, तुम्ही डॉक्टरशी खोटं बोललात!" मग दादा मटकन खाली बसला. "खोटं? मी सांभाळलंय गं तिला. आयुष्यभर सांभाळलंय." ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

पण दुसऱ्या दिवसापासून नवी गोळी माझ्या तळहातावर त्यानंच ठेवली.

दसऱ्याच्या सुमाराचे दिवस फार वाईट गेले. तोंड इतकं चाललं की जबडा दुखून मी रडायची. आणि एका दुपारी बाल्कनीत दोरीवरच्या कपड्यांतून मला कुणीतरी हाक मारली. ओळखीचीच हाक. मी कपड्यांकडे पाठ केली आणि ओरडले, "दादा, आलेत रे!"

तो धावत आला. स्टूल घेऊन माझ्या आणि त्या दोरीच्या मधे बसला आणि अंधार पडेपर्यंत तिथून हलला नाही. असे आणखी काही दिवस गेले. मग तेजश्रीनं नवी गोळी थोडी वाढवली आणि हाका थांबल्या.

लग्नाच्या आधी तिनं परत मोजलं. पाय शून्यावर आले होते. तोंड तिथंच.

"अजून कमी होईल?" मी विचारलं.

"वाट बघू. पण मावशी, बहुतेक उशीर झालाय."

तिनं गोड करून सांगितलं नाही, तेवढं बरं केलं. घरी येऊन मी वहीतल्या त्या चार ओळींकडे बघत बसले. आपण हरलो, असं वाटलं. तेवढ्यासाठी सगळं केलं होतं.

दादानं मला समजवायला घेतलं. "वासू, तू म्हणू नकोस. मी लोकांना सांगतो, तिचा जप चालू असतो, ती बोलत नाही. मान राहील."

"मी म्हणणार. तू काही सांगू नकोस."

"अगं, पण..."

"दादा, तू काही म्हणजे काही सांगू नकोस."

लग्न द्वारकेतल्याच एका हॉलमध्ये होतं. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, पैठणी नेसवून, हातात माळ देऊन. मिसेस चड्ढांनी आधीच विक्रांतच्या आईला, वैजयंतीबाईंना, माझी महती सांगून ठेवलेली. त्या येऊन माझ्या पाया पडल्या. मी काय करणार? आशीर्वाद दिला.

अंतरपाट धरला. दोन मंगलाष्टकं झाली, आणि दादानं माईक हातात घेतला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यानं. "आमची वासंती अखंड नामस्मरणात असते. तरी आज भाचीसाठी ती..." असं म्हणून माईक माझ्या पुढे केला.

मी उभी राहिले. आधी विक्रांतच्या ओळी म्हटल्या, त्या कशाबशा गेल्या. 'झाली थोर रसी अता' इथवर सूर लागला, जुना, कॉलेजातला. आणि 'न उरली'ला जीभ आली बाहेर. परत घेतलं, परत आली. आणि मी बघते तर लोकांनी हात जोडलेले! मिसेस चड्ढांनी डोळे मिटलेले. त्यांना वाटलं, माझी समाधी लागली.

मला असा काही संताप आला! माझी एक ओळ, एकच ओळ, तीसुद्धा या लोकांनी देवाला देऊन टाकली. मी माईक घट्ट धरला आणि एकेक शब्द सुटा करत म्हटलं, "जाप नहीं है. मैं बीमार हूँ. बहुत साल से. दवाई से मुँह ऐसा हुआ है. मी जप करत नाही. कधीच केला नाही."

सगळ्यांना कळलं. जोडलेले हात आता कुठं ठेवायचे ते कुणाला समजेना. मिसेस चड्ढा नवऱ्याकडे बघायला लागल्या. वहिनींनी पदर तोंडाला लावला. दादा जमिनीकडे बघत उभा होता, एकदम म्हातारा दिसायला लागला. गुरुजींनी घसा खाकरला. मला वाटलं, झालं, मोडलं मी पोरीचं लग्न.

अंतरपाटाच्या पलीकडून रसिकाचा आवाज आला. "आत्या, पुढचं म्हण ना."

मी म्हटलं. जीभ येत होती, जात होती, मी म्हणत राहिले. 'रसी'ची 'रती' झाली, 'बाहुली' अर्धी सांडली. शेवटच्या ओळीला माझ्या मनात काय आलं कोण जाणे, 'आत्या तिची बोलकी' म्हणवेना, खोटं वाटलं ते. मी म्हटलं,

गेली दूर जरी, मनात वसु दे आत्या तिची बोबडी

आणि सावधान म्हटलं, जसं निघालं तसं.

अक्षता पडल्या. उशिरा पडल्या आणि थोड्या पडल्या. पहिली मूठ वैजयंतीबाईंची होती. ती त्यांनी मायेनं टाकली की रागानं, ते मला अजून कळलेलं नाही.

लग्न लागलं. रसिका गुडगावला सुखात आहे, मधून मधून रविवारी येते. सोसायटीतला माझा बाक मात्र आता नुसता बाक झाला. पिंकी पास झाली असेलही, पेढे आले नाहीत. मिसेस चड्ढांना मी समोर दिसले की त्यांना फोन येतो. वाईट वाटतं मला. कशाला लपवू, खूप वाटतं. तेजश्री दर खेपेला चपला-मोजे काढून मोजते. पाय शून्य, जीभ तीन. हे आता असंच राहणार, असं तीही म्हणते, मीही म्हणते.

दादा त्या दिवसाबद्दल कधी बोलला नाही. रागावलाही नाही. गोळी तळहातावर ठेवायचा, पाणी द्यायचा, आणि पेपर उघडायचा. टीव्हीचा आवाज मात्र कमी करेनासा झाला.

परवा आम्ही दोघं भाजी घेऊन येत होतो. लिफ्टमध्ये एक नवी बाई होती, नुकतीच भाड्यानं राहायला आलेली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि तिचे हात जोडायला वर आले. "माताजी जाप करती हैं?"

मी दादाकडे बघितलं नाही. त्याला अवघड नको म्हणून समोर दाराकडे बघत राहिले. पिशवीतली मेथी खाली सरकत होती, ती त्यानं नीट केली.

"नहीं जी," दादा म्हणाला. "मेरी बहन है. दिमाग की बीमारी है, ये उसकी दवाई से हुआ है."

"अच्छा, अच्छा," म्हणत ती बाई कोपऱ्यात सरकली, आणि तिचा मजला यायच्या आधीच उतरून गेली. दार बंद झालं.

"परत खडे मारतील गं, वासू," तो म्हणाला.

"मारू देत."

शब्द घसरले, पण त्याला कळले.